सदतीस आणि त्र्याहत्तर

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो आणि त्या दिवशी डेअरीच्या ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसे रेंगाळतात. कोणाचे फॅट कमी लागले, कोणाच्या बिलातून पेंडीचे किती पैसे कापले, यावरून थोडी बोलाचाली होतेच आणि तिचे कोणाला काही वाटत नाही. पण सांगली जिल्ह्यातल्या ज्या गावच्या संकलन केंद्रासाठी आम्ही नवे यंत्र तयार करत होतो, तिथे मी पाहिलेल्या पहिल्याच पगाराच्या दिवशीचे भांडण निराळे होते. सदतीस नंबरच्या बाईंचे दोन वेळचे दूध त्र्याहत्तर नंबरच्या खात्यावर जमा झाले होते. सचिवांनी वही काढली, पावत्या जुळवल्या, पैसे वळते केले आणि प्रकरण मिटवले. जमलेल्यांपैकी एकाने जाता जाता निकालही देऊन टाकला, "आण्णांचं वय झालं आता, नजर पोचत न्हाई." आण्णांनी, म्हणजे सचिवांनी, तो निकाल मुकाट्याने ऐकून घेतला. मीही माझ्या वहीत त्या नोंदीपुढे 'ऑपरेटरची चूक' असा शेरा मारला. तो शेरा मला पुढे खोडावा लागला, आणि तो खोडण्याइतकी समज यायला सात महिने गेले.

केंद्रातली जुनी यंत्रणा साधी होती. इलेक्ट्रॉनिक काटा, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवणारा अ‍ॅनालायझर, पावतीचा छोटा प्रिंटर आणि या तिघांना जोडणारी, अंकांची बटणे असलेली एक पेटी. दूध घालणारा माणूस किटली घेऊन येतो आणि आपला नंबर सांगतो. आण्णा तो दाबतात. दूध काट्यावरच्या बादलीत ओतले जाते. त्यातले थोडे सॅम्पल म्हणून अ‍ॅनालायझरला लागते. पाऊण-एक मिनिटात आकडे येतात, दर निघतो आणि पावती फाडून हातात दिली जाते. सभासद ११२, त्यांपैकी बहुतेकांना सकाळच्या दीड तासातच दूध घालून शेताला, शाळेला नाहीतर एसटीला जायचे असते. आमच्याकडे आलेले काम या पेटीपुरते होते. ती जुनाट दिसते, बटणे घट्ट आहेत, पडदा लहान आहे, तेव्हा काहीतरी 'आजचे' करून द्या, असा एकंदर निरोप होता.

आम्ही अर्थातच आजचे केले. दोन महिने पुण्यात बसून लॅपटॉपवर रंगीत पडदे तयार केले, त्यात गाय आणि म्हैस यांची सुबक चित्रे घातली, आणि एका दुपारी ते सगळे गावात नेऊन केंद्रातल्या टेबलावर मांडले. आण्णांनी पाहिले, त्यांच्या सूनबाईंनी पाहिले, समितीच्या चार माणसांनी पाहिले. "चांगलं दिसतंय की ओ ताई," असे सगळे म्हणाले. काही बदल हवा का, असे मी तीन-तीनदा विचारले. काही नको, बेस्ट झाले आहे, चहा घ्या. आम्ही चहा घेतला आणि अत्यंत समाधानाने परतलो.

त्या समाधानाची मला आजही थोडी लाज वाटते. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याने तयार करून, रंगवून आणलेल्या वस्तूला नावे ठेवणे आपल्याकडच्या सभ्यतेत बसत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? घरी आलेल्याने आणलेली साडी आवडली नाही असे आपल्यापैकी कोण तोंडावर सांगते? शिवाय पूर्ण झालेल्या वस्तूकडे पाहून माणसाला वाटते की आता सांगून उपयोग काय. आमच्या धंद्यात याला प्रोटोटाइपची चाचणी म्हणतात, पण त्या दुपारी चाचणी झाली ती आण्णांच्या शिष्टाचाराची, आणि तीत ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले.

मधल्या काळात माझ्या वाचनात अल्फोन्स चपॅनिस हे नाव पुन्हा आले. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ओहायोतल्या राइट फील्डवर, हवाई दलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करत होता. बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर, धावपट्टीवर, पंखांचे फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या कडेला उघडणाऱ्या पट्ट्या, मिटवण्याऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. चौकशीत दरवेळी वैमानिकाची चूक असा निष्कर्ष निघे. चपॅनिसने कॉकपिटमध्ये पाहिले तेव्हा त्याला दिसले की फ्लॅपचा आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी आणि अगदी सारख्या आकाराचे आहेत. सी-४७ या मालवाहू विमानात दोन्हींची रचना वेगळी होती आणि तिथले वैमानिक ही चूक करत नव्हते. त्याने सुचवलेला उपाय फार खर्चाचा नव्हता: चाकांच्या खटक्याच्या टोकाला रबराचे छोटे चाक बसवायचे आणि फ्लॅपच्या टोकाला पाचरीसारखा तुकडा, म्हणजे न पाहताही हाताला कळेल. आजही प्रवासी विमानांत या दोन दांड्यांच्या मुठींचे आकार नियमानेच असे ठरवलेले असतात. पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स या दोघांनी वैमानिकांच्या चुका म्हणून नोंदलेल्या ४६० प्रसंगांची छाननी केली, तेव्हा त्यांतले सुमारे निम्मे प्रसंग एका खटक्याऐवजी दुसराच हाताळल्याचे निघाले. म्हणजे वैमानिक दमलेले, घाबरलेले असतीलही, पण एकाच जागी इतक्या जणांचा हात चुकतो तेव्हा आधी ती जागा तपासायला हवी. हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि तरीही वहीत 'ऑपरेटरची चूक' असे लिहून मोकळी झाले होते.

दुसऱ्या खेपेला मी लॅपटॉप नेला नाही. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पेटी केली, तिच्यावर बटणे पेन्सिलने काढली, पडद्याच्या जागी खिडकी कापली आणि आत सरकवायला कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला. संध्याकाळच्या दुधाच्या वेळी खरी नोंद जुन्या यंत्रावरच चालू राहील आणि आण्णांनी शेजारच्या खोक्यावर तीच कृती पुन्हा करून दाखवायची, एवढेच ठरवले होते. ते खोके पाहून आण्णा हसले. पण पाच मिनिटांत त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खोडरबर मागितला. बटणे एवढी जवळ नकोत, दुधाने हात ओले असतात, एकाच्या जागी दोन दाबली जातात. पडदा असा उभा नको, मागच्या दारातून ऊन येते. पडद्यावर बोट लावायचे म्हणता, पण ओल्या बोटाला मोबाइल दाद देत नाही, तो काय देणार? सूनबाईंनी तर माझी गायीची आणि म्हशीची चित्रे दोन उभ्या रेघा मारून काढूनच टाकली, कारण कोण गायीचे घालते आणि कोण म्हशीचे हे नंबरावरूनच ठरलेले असते. दोन महिन्यांपूर्वी 'बेस्ट झाले आहे' म्हणणारी हीच माणसे. फरक एवढाच होता की खोके अर्धवट होते, आणि अर्धवट वस्तू दिसली की आपल्या माणसाचा हात आपोआप मदतीला येतो.

आण्णांची आणखी एक मागणी होती: यंत्राने बोलावे. सगळे आकडे मोठ्याने सांगितले की माणसाला पावती वाचायला चष्मा शोधायला नको. बोलणारे यंत्र बनवायला आम्हाला दीड-दोन महिने लागले असते, म्हणून मी एक जुनी युक्ती वापरली. १९८३ मध्ये आयबीएमच्या जॉन गुल्ड आणि सहकाऱ्यांनी ऐकून टंकलेखन करणाऱ्या यंत्राचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणूस मायक्रोफोनमध्ये पत्र सांगे आणि समोरच्या पडद्यावर शब्द उमटत. असे यंत्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. दुसऱ्या खोलीत एक टंकलेखक बसून ऐकलेले टाइप करत होता. यंत्र जन्मण्यापूर्वीच लोक ते कसे वापरतील हे त्यांना अशा रीतीने पाहता आले. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. पडद्यामागचा माणूस कोणाला दिसत नाही असे नाही, पण बाहुली बोलू लागली की बघणारे तिच्याशीच बोलतात.

तर मी खोक्यामागे पत्र्याच्या खुर्चीवर बसले आणि यंत्र झाले. जुन्या पेटीवरचे आकडे पाहून शक्य तितक्या निर्विकार आवाजात बोलायला सुरुवात केली. पहिल्या दोघांच्या वेळी हशा पिकला. तिसऱ्या एक आजी होत्या. मी त्यांचे नाव घेतले, लिटर सांगितले आणि म्हणाले, "फॅट तीन पॉइंट एक." हशा एकदम थांबला. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही दराची पायरी असते आणि ती रांगेतल्या प्रत्येकाला पाठ होती. फॅट कमी लागण्याची कारणे अनेक असतात, चाऱ्यापासून गायीच्या जातीपर्यंत, पण ओट्यावर एकच कारण मनात येते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. आजींनी पावती घेतली, पदराच्या टोकाला गुंडाळली आणि कोणाकडेही न पाहता निघून गेल्या. "हे नगं," आण्णा हळू आवाजात मला म्हणाले. मीही मान हलवली. त्या संध्याकाळी माझे खर्च झाले ते फक्त एक वाक्य. तेच यंत्रात पक्के बसवून पन्नास गावांत पोचले असते तर किती जणींच्या दुधात पाणी आहे असे सगळ्या गावाने ऐकले असते, कोण जाणे. आजींकडे मी दुसऱ्या दिवशी गेले आणि माफी मागितली. त्यांनी ताक दिले आणि विषय काढला नाही. यंत्राने नाव आणि लिटर एवढेच बोलायचे, फॅट पावतीवरच ठेवायचे, हे तिथेच ठरले.

सदतीसचा उलगडाही त्या खोक्यानेच केला, आणि तो त्याच्या संथपणामुळे. खऱ्या बटणांवर आण्णांचा हात इतका झरझर चालतो की काय झाले हे डोळ्याला दिसत नाही. पेन्सिलीने काढलेल्या बटणावर मात्र बोट टेकवायचे, मी ते पाहायचे, चिठ्ठी बदलायची आणि मग पुढचे बोट, असा मामला होता. एका बाईने "सदतीस" म्हटले आणि मला दिसले की आण्णांचे बोट आधी सातावर गेले, तिथे हवेत थबकले, मग तिनाकडे वळले. थोड्या वेळाने "पंचेचाळीस" आले तेव्हा बोट पाचावरून चाराकडे परतले. सूनबाई बसल्या तेव्हाही तेच झाले. त्यांचे वय सव्वीस आणि नजर लख्ख. मग मी स्वतः बसले आणि "त्र्याहत्तर" ऐकून बिनदिक्कत तीन-सात दाबून मोकळी झाले.

मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. 'सदतीस' या शब्दातला 'सद' कानावर पडतो तेव्हा तीस अजून यायचा असतो, आणि घाईत असलेले बोट वाट पाहत नाही. 'एकोणसाठ' तर त्याहून बिलंदर, त्यात ऐकू येतो साठ आणि लिहायचा असतो पाच. हिंदीत असेच आहे, जर्मन, डच आणि अरबी बोलणारेही एकक आधी बोलतात. कानडीत आणि तेलुगूत मात्र दशक आधी, त्यामुळे सीमेपलीकडच्या डेअरीत हेच यंत्र कदाचित सुखाने चालले असते. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी पद्धत दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उठला होता, हे अनेकांना आठवत असेल. विधिमंडळापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळ्यांनी विनोद करून घेतले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना अडचण येते. मीही तेव्हा एक विनोद पुढे पाठवला होता. ओट्यावर तीन-सात दाबल्यानंतर तो मला आठवला.

निदान झाले की उपाय सोपा वाटू लागतो. मी हिशोब मांडला: ज्याचे अंक उलटले की दुसऱ्याचा नंबर होतो अशा प्रत्येक जोडीतला एकच नंबर द्यायचा. सदतीस दिला तर त्र्याहत्तर रिकामा ठेवायचा, एकशे सदतीस दिला तर एकशे त्र्याहत्तर रिकामा. १ ते १९९ मध्ये असे निघणारे नंबर ११२ सभासदांना पुरून उरत होते. मला हा उपाय अतिशय देखणा वाटला. समितीपुढे मांडला तेव्हा त्र्याहत्तर नंबरचे गृहस्थ उठून उभे राहिले. हा नंबर त्यांच्या वडिलांचा होता, डेअरी सुरू झाली त्या वर्षापासूनचा. तो पासबुकावर होता, किटलीवर होता आणि त्यांच्या फोनच्या शेवटी मुद्दाम मागून घेतलेला होता. नंबर बदलणार नाही. मग आणखी आठ-दहा जणांनीही बदलणार नाही असे सांगितले. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मी बटणांची जागा तपासू शकले होते. वडिलांचा नंबर कागदावर आणून तपासता येत नाही, निदान मला तरी ते सुचले नव्हते.

तडजोड म्हणून यंत्रात इशारा घातला. उलटा नंबर असलेल्या सभासदाचा आकडा दाबला की शिट्टी वाजायची, दोन्ही नावे पडद्यावर यायची आणि एक निवडून पुन्हा बटण दाबायचे. तोपर्यंत प्लॅस्टिकची खरी पेटी तयार झाली होती आणि ती केंद्रात चालूही झाली होती. तीन महिन्यांनी मी एक सकाळ कोपऱ्यात बसून काढली. शिट्टी वाजायची आणि आण्णांचा अंगठा पडद्याकडे न बघताच वरच्या नावावर पडायचा. दर दोन-चार माणसांमागे वाजणारी शिट्टी आठवड्याभरात पंख्याच्या घरघरीसारखी झाली होती.

त्याच सकाळी दुसरेही एक आढळले. 'पावती छापली' असा हिरवा दिवा आम्ही मोठ्या हौसेने दिला होता. रोल संपला तरी तो लागत होता, कारण प्रिंटरला हुकूम पोचला की दिवा लागेल अशीच आमची जोडणी होती. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हानियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात नेमका याच जातीचा दिवा होता. झडप बंद करण्याचा संकेत गेला एवढेच तो सांगत होता. झडप उघडीच अडकली होती, आणि ती बंद आहे असे समजून चाललेल्या माणसांसमोर दोन तासांहून अधिक काळ थंड करणारे पाणी निसटत राहिले. हे प्रकरण मी नव्या मुलांना शिकवत असते. आमचा दिवा बदलायला एक दुपार पुरली, पण तो तसा केला होता कोणी, हा प्रश्न ऑफिसात कोणी विचारला नाही याबद्दल मी सहकाऱ्यांची ऋणी आहे.

शिट्टीचे काय करायचे हे मला सुचत नव्हते. आवाज बदलावा, नावे मोठी करावीत, क्रम उलटसुलट करावा, असे काहीबाही मी वहीत लिहीत होते. तेवढ्यात सदतीस नंबरच्या बाई आल्या. पहिल्या भांडणापासून त्या सावध झाल्या होत्या. त्यांनी नंबर सांगितलाच नाही. किटली ओट्यावर ठेवली, कडी धरून अर्धवट फिरवली आणि पोटावर ऑइलपेंटने रंगवलेला आकडा आण्णांच्या समोर आणला. आण्णांनी मान वर करून पाहिले आणि बोट सरळ तिनावर गेले, मग सातावर. कुठेही थबकले नाही. आकडा कानाने आला की तो उलटा येत होता. डोळ्याने आला की डावीकडून उजवीकडे, जसा लिहिला तसा हातात उतरत होता. मी उठून ओट्यावरच्या बाकीच्या किटल्या पाहिल्या. जवळजवळ प्रत्येकीवर नंबर होता, कारण रिकाम्या किटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून लोक तो पहिल्यापासूनच रंगवून घेत आले होते. सात महिने मी त्या किटल्यांमधून वाट काढत यंत्रापर्यंत जात होते.

पुढच्या पंधरवड्यात आम्ही शिट्टी काढून टाकली. बटणांवर देवनागरी अंकांची स्टिकरे चिकटवली, कारण किटल्यांवर ३७ असे होते आणि बटणांवर इंग्रजी आकडे. ओट्याच्या कडेला आण्णांनी निळ्या रंगाची वीतभर रेघ ओढून घेतली. किटली त्या रेघेवर, आकडा आतल्या बाजूला. मी शेवटची गेले तेव्हा रांग नेहमीसारखी चालू होती आणि त्र्याहत्तर नंबरचे गृहस्थ जरा बाजूला उकिडवे बसलेले दिसले. त्यांच्या किटलीवरचा तीन घासून घासून उडाला होता आणि आण्णांनी त्यांना परत पाठवले होते. लांब जावे लागले नाही; रंगाचा डबा आणि ब्रश आण्णांनी प्रिंटरशेजारीच ठेवले होते.